खारपाणपट्ट्यातली काळी जमीन: बोअर खोल नेण्याआधी

अकोटच्या दक्षिणेला शेत, बोअरचं पाणी हरभऱ्याला दिलं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर जमीन दगडासारखी झाली. आता बोअर आणखी 100 फूट नेऊ का, असं एका शेतकऱ्याने विचारलंय. नेऊ नका.

अकोला जिल्ह्यात पातूर-बार्शीटाकळीकडे बेसॉल्ट (काळा खडक) वरच लागतो, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा थर, आणि मधल्या खोलगट भागात पूर्णा नदीचा गाळ. पायथ्याला गोडं पाणी लागतं. मधला गाळ शेकडो फूट जाड आणि पाणी खारं; हाच खारपाणपट्टा. खोल गेलं की गोडं लागेल ही आशा महागात पडते.

आता जमीन का बिघडली ते. खारं पाणी चालू असताना माती बरी दिसते, कारण मीठच चिकणमातीचे कण एकत्र धरून ठेवतं. पावसाने मीठ धुऊन जातं, कणांना चिकटलेला सोडियम मागे राहतो, मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. या चिकटलेल्या (विनिमययोग्य) सोडियमची पुस्तकी मर्यादा 15 टक्के; आपल्या फुगणाऱ्या मातीत 5 च्या आसपासच निचरा कोलमडतो.

घरी तपासा: हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ पावसाच्या पाण्याच्या ग्लासात सोडा, हलवू नका. नुसतं ढासळलं तर ठीक. भोवती दुधाळ वलय आलं तर सोडियमचा त्रास आहे. पण नुकतंच खारं पाणी दिलेल्या शेतातलं ढेकूळ फसवतं, म्हणून पावसानंतरचंच घ्या.

उपाय जिप्सम: त्यातलं कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतं. चुना नको, तो मातीत आधीच आहे आणि इतक्या जास्त सामूला (pH) विरघळत नाही. वरच्या 15 सेंमी थरातल्या 100 ग्रॅम मातीमागे 1 मिलिइक्विव्हॅलंट (माती परीक्षणातलं एकक) सोडियम काढायला एकरी सुमारे 7 क्विंटल शुद्ध जिप्सम लागतं. 70 टक्के शुद्धतेचं असेल तर 10. नेमका आकडा माती परीक्षणावरूनच काढा. मेअखेर पसरून वखराने वरच्या थरात मिसळा. पाणी शेताबाहेर नेणारा चर काढलेला नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच राहतो आणि जिप्समचे पैसे वाया जातात.

पाण्यासाठी शेततळं. तळ मात्र खाऱ्या भूजलाला भिडू देऊ नका. त्यातलं एक पाणी हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुमारास तुषारने द्या, पण जिप्समनंतरच: बिघडलेल्या मातीवर गोडं पाणीही चिखलच करतं.