वाचकांचे प्रश्न : खंडणी कोण भरणार?

प्रश्न : सर, जुन्या गोव्यात भेटलेला एक पाहुणा म्हणाला, स्पेनचा लेखक सर्व्हांतेस अल्जियर्समध्ये पाच वर्षं गुलाम होता. युरोपातली माणसंही गुलाम व्हायची? धर्म बदलला की सुटका होई का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : पाहुण्याने थाप मारलेली नाही. १५७५ मध्ये नेपल्सहून स्पेनला परतताना सर्व्हांतेसचं जहाज अल्जियर्सच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या तुर्की सत्तेखालच्या बंदराच्या, चाच्यांनी पकडलं. त्याच्याजवळ स्पेनच्या राजाचा सावत्र भाऊ डॉन हुआन याचं शिफारसपत्र होतं, आणि तेच नडलं! मालकाला वाटलं, बडी असामी गावली. खंडणीचा आकडा चढला. चारदा पळायला गेला, चारही वेळा फसला. बरोबरचा भाऊ १५७७ मध्ये सुटला, कारण त्याची किंमत घरच्यांच्या आवाक्यातली होती. सर्व्हांतेससाठी घरून आलेले पैसे अपुरे पडले, तेव्हा त्रिनितारी पाद्र्यांनी उरलेले जमवून १५८० मध्ये ५०० सोन्याचे एस्कुदो मोजले. बंदिवान सोडवायचे, याचसाठी तो पंथ ११९८ पासून होता.

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाचे ख्रिस्ती सरदार तरी काय करत होते? मुसलमानांची जहाजं लुटायची, माणसं विकायची, नाहीतर साखळीने बांधून वल्ही मारायला बसवायची. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातही हाच धंदा. त्या कैद्यांसाठी असा पंथ नव्हता. घरच्यांनी किंवा सुलतानाने मनावर घेतलं तर सुटका. म्हणून 'जास्त पाप कुणाचं' या वादात मला रस नाही. पकडताना धर्म बघत, सोडताना पैसा.

आपल्याकडचंच बघा. गोव्यातल्या मिझेरिकोर्दिया या पोर्तुगीज धर्मादाय संस्थेच्या दयाकृत्यांत बंदिवानांना सोडवणं होतं. त्याच शहरात रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर सकाळच्या लिलावात माणसं विकली जात; १५८३ ते १५८८ इथे राहिलेल्या लिन्स्कोटेन या डच माणसाने ते लिहून ठेवलंय. त्या माणसांची खंडणी घेऊन कोण येणार होतं?

आता धर्माचं. बाटला म्हणून कुणी आपोआप सुटत नसे, ना इकडे ना तिकडे. पण मुसलमान झालेल्याला अल्जियर्समध्ये वर चढायची वाट मोकळी होई. इटलीतल्या कालाब्रियाचा एक पोरगा पकडला गेला, वल्ह्यावर बसला, मुसलमान झाला आणि उलूज अली या नावाने अल्जियर्सचा सुभेदार झाला. १५७१ च्या ग्रीसजवळच्या लेपांतोच्या समुद्री लढाईत तुर्कांची डावी फळी त्याच्याकडे होती. याच लढाईत समोरच्या ख्रिस्ती आरमारात लढताना सर्व्हांतेसचा डावा हात निकामी झाला. तुर्क हरले, पण उलूज अली मात्र आपली काही जहाजं घेऊन निसटला आणि पुढे सगळ्या तुर्की आरमाराचा प्रमुख झाला.