बँकेची परीक्षा की सराफ्यातलं मोबाईलचं काम?

प्रश्न: मी सेलूचा (जि. परभणी). घरीच बसून सराफांसाठी मजुरीवर डाग (दागिने) घडवतो, स्वतःचं दुकान नाही. मुलगी 20 वर्षांची, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी माझ्याजवळ बसून मणी ओवायची, आता डाग हातावर घेऊन अंदाजे वजन सांगते. तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं मला वाटतं. ती म्हणते, छोट्या सराफांची इन्स्टाग्राम-व्हॉट्सअ‍ॅपची कामं घेईन. दोघा दुकानदारांनी विचारलंही आहे. हे मोबाईलचं काम शिकवणाऱ्या एका क्लासवाल्यानं 60 हजार फी सांगितली. दिवसभर मोबाईल धरून बसणं हे काय काम झालं? यावर पोट भरेल का?

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

आधी तुमचा घोर थोडा हलका करतो. सरकारी बँकांच्या भरतीसाठी होणाऱ्या आयबीपीएसच्या परीक्षांना क्लार्कसाठी 20 ते 28 आणि पीओसाठी (अधिकारीपदासाठी) 20 ते 30 अशी वयाची अट आहे. पदवीनंतर लेकीनं एक वर्ष हे काम करून पाहिलं, तर बँकेचं दार बंद होत नाही. ते वर्ष तिला द्या. क्लासचे 60 हजार मात्र देऊ नका, त्याचं कारण पुढे येईलच.

तुमच्या पत्रातलं मणी ओवण्याचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीनं सगळ्या पत्रात तेच महत्त्वाचं आहे. रील कापायला आणि गाणं लावायला कोणीही दोन महिन्यांत शिकतो. पण ठुशीचे मणी पोकळ आहेत की भरीव, डाक (सोन्याचा सांधा) कुठे दिला आहे, एवढ्या वजनात पाटली टिकेल का, हे फुंकणीशेजारी वाढलेल्या लेकरालाच कळतं. शहरातली जाहिरात कंपनी बोरमाळेला 'गोल्ड नेकलेस' लिहून मोकळी होते. तुमची लेक तसं लिहिणार नाही.

आता गिऱ्हाईक कसं येतं ते तुम्ही रोज बघताच. पूर्वी ताई यायच्या आणि म्हणायच्या, 'जाऊबाईंसारखी मोहनमाळ करा.' आता मोबाईलवरचा फोटो पुढे धरतात. फोटोतला हार आठ तोळ्यांचा असतो, हातात पैसे तीन तोळ्यांचे. त्यात 2025 मध्ये 10 ग्रॅमच्या भावानं लाखाचा टप्पा ओलांडला, त्यामुळे ही ओढाताण आणखी वाढली. अशा वेळी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी नीट उत्तर दिलं, की ताई, ही नक्षी तीन तोळ्यांत बसवायची तर पदर कमी करावे लागतील, घडणावळ इतकी पडेल, तुमचा जुना डाग मोडीत घेतला तर वरून एवढे द्यावे लागतील, तर ते गिऱ्हाईक दुसरीकडे कशाला जाईल? छोट्या सराफाला हे उत्तर द्यायला सवड नसते. लेकीचं खरं काम हे आहे. रील त्याच्या नंतर येतं.

जालन्याचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. एका दुकानाच्या पानाला त्यानं हजारो फॉलोअर मिळवून दिले होते, तरी मालकानं काम काढून घेतलं म्हणून तो हिरमुसला होता. आम्ही बसून पाहिलं तर बघणारे बहुतेक बाहेरच्या राज्यांतले निघाले. मालक चुकला नव्हता. सेलूच्या दुकानाला सेलू, मानवत, पाथरी, परतूर इथली माणसं हवीत. इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करताना किती किलोमीटरच्या परिघात दाखवायची ते ठरवता येतं. 40 किलोमीटर पुरे. गुगलच्या नकाशावर दुकानाची वेळ, फोन आणि फोटो नीट भरणं फुकट आहे, आणि तेवढंही कित्येक दुकानांनी केलेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपचं ब्रॉडकास्ट तर ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचतं. म्हणून बिल करतानाच 'ताई, नंबर सेव्ह करून घ्या' म्हणण्याची सवय मालकाला लावायला हवी.

आणि आपल्या मराठवाड्याचं वेळापत्रक पुण्या-मुंबईसारखं नाही, हे तिनं पक्कं लक्षात ठेवावं. आपल्याकडे सोनं पिकाच्या पैशावर घेतलं जातं. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास येतो, कापसाचा त्यानंतर वेचणीप्रमाणे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात, मग वैशाखातली लग्नं आणि अक्षय्य तृतीया. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी लोक घ्यायला कमी आणि मोडायला जास्त येतात. अशा वर्षी दुकानाच्या पानावर भारी हार झळकवणं मला बरं वाटत नाही. तेव्हा जुन्या डागाची दुरुस्ती, उजाळा, मोडीतून हलका डाग घडवणं हे दाखवावं. माणसं हे विसरत नाहीत.

फोटोबद्दल थोडंच सांगतो. पिवळ्या बल्बखाली सोनं तांबूस दिसतं, म्हणून बल्ब बंद करून खिडकीच्या उजेडात, मध्ये पांढरा पातळ कागद धरून काढावेत. डाग हातात किंवा गळ्यात घातलेला असावा, म्हणजे आकार कळतो. वजन लिहावंच. भाव लिहिला तर तारीख आणि वेळही लिहावी, नाहीतर जुना फोटो घेऊन कोणी भांडायला येईल.

इथून पुढचं मात्र तुम्ही स्वतः तिला समजावून सांगा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या डागाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असल्याशिवाय तो विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंसारख्या काही सवलती आहेत. तो क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर कसा तपासायचा, हेच तिनं पहिल्या रीलमध्ये दाखवावं. खेड्यातल्या बायकांना ते कोणी दाखवत नाही. हॉलमार्क नसलेल्या डागावर '916' (म्हणजे 22 कॅरेट) लिहायला मालकानं सांगितलं, तर काम सोडावं. दुकानाच्या भिशीची, म्हणजे दरमहा पैसे भरून पुढे सोनं घेण्याच्या योजनेची, जाहिरातही डोळे झाकून करू नये. नोंदणी नसलेल्या ठेव योजनांची नुसती जाहिरात करायलाही 2019 च्या कायद्यानं बंदी आहे. नवरीचा फोटो टाकायचा तर तिला आणि घरच्यांना विचारून, लग्न उरकल्यावर, गावाचं नाव न घालता. दुकानातली तिजोरी, माल येण्या-जाण्याच्या वेळा यांतलं काहीही कॅमेऱ्यात येऊ नये.

आणखी एक, आणि हे तुमच्या रोजीरोटीशी बांधलेलं आहे. तुमच्या हातातलं काम फोटोत फार सुंदर दिसेल: मूस (सोनं वितळवायचं भांडं), फुंकणी, लाल झालेलं सोनं. तिला ते दाखवायचा मोह होणारच. पण तो माल सराफाचा आहे, नक्षीही बहुतेक वेळा त्यानंच सांगितलेली असते. न विचारता टाकलं तर तुमचं मजुरीचं काम तुटेल. आधी विचारा, आणि होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तसंच एकाच गल्लीतल्या दोन सराफांचं काम तिनं घेऊ नये. एकाची गिऱ्हाईकं, एकाचे भाव दुसऱ्याला कळतात असा नुसता संशय आला तरी पिढ्यांचे संबंध बिघडतात. ज्या दोघांनी विचारलं आहे ते एकाच बाजारातले असतील तर एकालाच हो म्हणावं, दुसरं दुकान मानवत किंवा परतूरचं बघावं.

पोट भरेल का, याचं सरळ उत्तर: पहिल्या वर्षी एकट्या या कामावर नाही. मंदीत मालक पहिल्यांदा हाच खर्च कापतो. म्हणून सुरुवातीला फी कमी सांगावी पण ठरलेली असावी, दर महिन्याला आगाऊ घ्यावी, आणि फोनवर किती चौकश्या आल्या, त्यातल्या किती जणी दुकानात आल्या, हे वहीत लिहावं. वही दाखवली की फी वाढवून मागता येते. तीन-चार गावांतली दुकानं जमली तर घराला हातभार लागेल, आणि तिचं बी.कॉम. हिशेबाला कामी येईल. शिकण्यासाठी मेटा या इन्स्टाग्राम-व्हॉट्सअ‍ॅपच्याच कंपनीचे ब्ल्यूप्रिंट अभ्यासक्रम ऑनलाईन मोफत आहेत, म्हणूनच क्लासला 60 हजार देऊ नका म्हटलं. पुढे रेखाटनाची ओढ वाटली तर मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी आहे. पैसा लावायचाच तर तिथे लावा.

तुमच्यासाठीही एक सांगतो. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत सोनारकाम आहे. अवजारांसाठी 15 हजार, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख, मग 2 लाख कर्ज मिळू शकतं. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. गावातल्या सीएससी (सरकारी ऑनलाईन सेवा) केंद्रावर चौकशी करा.

तिला सुरुवात करायला दुकान लागतच नाही. तिच्या आईची एखादी जुनी ठुशी असेल तर ती खिडकीत ठेवून तिला फोटो काढू द्या, आणि खाली काय लिहायचं ते तुम्ही सांगा. वर्षभरानं मला पुन्हा पत्र लिहा, सोबत तिच्या वहीच्या पानांचे फोटो जोडा.