वाचकांचे प्रश्न : टॉर्शन बार परत बसवताना

प्रश्न : ट्रकचे पुढचे सस्पेन्शन पूर्ण खोलून चारही आर्मचे (चाक चासीला जोडणारे हात) बुश (सांध्यातली रबरी कडी) आणि बॉल जॉइंट नवे घातले. खाचांचे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणारे पोलादी दांडे) जुनेच ठेवले. आता डावी बाजू उजवीपेक्षा चार सेंटिमीटर खाली बसते. डावीकडच्या अ‍ॅडजस्टिंग बोल्टचे (बारचा पीळ बदलून उंची जुळवणारा बोल्ट) आटे संपले, उजवीकडचा अर्धाच आत आहे. खोलण्याआधी गाडी सरळ उभी राहत होती. डावा बार थकला असेल का?

उत्तर : थकलेला बार हळूहळू बसतो, खोलजोड केल्याबरोबर नाही. दोष जोडणीत आहे आणि पहिला संशय खाच चुकल्याचा. हिशेब करून पाहा. बारच्या टोकाला ३० खाचा असतील तर एक खाच म्हणजे १२ अंश. पिव्होटपासून (आर्म चासीवर जिथे फिरतो तो सांधा) बॉल जॉइंटपर्यंत ३५ सेंमी असलेला आर्म १२ अंशांत सुमारे ७ सेंमी वरखाली होतो. त्यातले थोडे तुम्ही बोल्ट पिळून भरून काढले, थोडे अँटीरोल बारने (दोन्ही बाजू जोडून गाडी कलू न देणारा दांडा) दाबून धरले, उरलेले चार सेंटिमीटर डोळ्यांना दिसताहेत. फरक एकदीड सेंटिमीटरच असता, तर आम्ही खाचेकडे न पाहता बुशकडे पाहिले असते.

दुसरी शक्यता अशी, की बार घालताना लोअर आर्मखाली जॅक राहून गेला. आर्म अर्धवट उचललेला असताना बार गुंतवला, तर गाडी खाली आल्यावर त्याला पुरेसा पीळच मिळत नाही. तिसरी शक्यता डावा-उजवा बार उलट लागल्याची, तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात.

पुन्हा खोलावेच लागेल. चासी भक्कम स्टँडवर घ्या, चाके काढा, दोन्ही आर्म मोकळे लोंबू द्या. खालचा आर्म पूर्ण उतरला पाहिजे. काही गाड्यांत बोल्ट लांब असतो आणि तो सोडत गेले की सगळा पीळ उतरतो. जिथे बोल्ट आखूड आहे, तिथे अ‍ॅडजस्टर आर्म (बारच्या टोकावरचा, बोल्ट ज्याला ढकलतो तो छोटा हात) दाबून धरणारे खास हत्यार लागते. साधा पुलर लावू नका, तो निसटला तर आर्म हाडे मोडण्याइतक्या जोराने फिरतो. हत्याराच्या स्क्रूला ग्रीस लावा, त्याचे टोक आर्मच्या खळग्यात बरोबर बसवा आणि आर्मच्या फिरण्याच्या रेषेत तोंड नेऊ नका.

बार निघाला की दोन्ही टोकांच्या खाचा ब्रशने कोरड्या साफ करा आणि ग्रीसचा पातळ थर द्या. काही बारना एक खाच मुद्दाम रुंद ठेवलेली असते, म्हणजे तो एकाच जागी शिरतो; तशी नसेल तर खोलण्यापूर्वी बार आणि आर्म यांच्यावरून ओढलेली रंगाची रेघ हाच आधार. ती नसेल तर उजवी बाजू नमुना धरा: आर्म पूर्ण खाली, बोल्ट पूर्ण सैल, आणि मग अ‍ॅडजस्टर आर्म चासीपासून किती अंतरावर थांबतो ते मोजा. डावीकडे तेच अंतर येईपर्यंत एकेक खाच सरकवा. षटकोनी टोकाच्या बारला ही कटकट नाही. तिथे एक पायरी ६० अंशांची, त्यामुळे चुकले तर अ‍ॅडजस्टर जागेवरच येत नाही. बार दोन्हीकडे पूर्ण खोल गेल्याची खात्री करा. टोकाशी धरलेल्या बारची खाच पुढे झिजून गोल होते.

नव्या बुशचे पिव्होट बोल्ट आर्म लोंबत असताना घट्ट केले असतील, तर तेही सोडा. हे बुश रबराचे असतात, ते जागेवर फिरत नाहीत, पिळले जातात. खालच्या स्थितीत आवळले की ते गाडी उचलून धरतात, उंची खोटी दिसते आणि काही महिन्यांत रबर फाटून गाडी बसते. चाके जमिनीवर, गाडी नेहमीच्या उंचीवर, मग टॉर्क रेंच.

उंची मडगार्डवरून मोजू नका. टायरची हवा सारखी करा, पुढचा बंपर तीनचार वेळा दाबून सोडा, गाडी थोडी पुढेमागे ढकला. मग लोअर आर्मच्या पिव्होटची आणि बॉल जॉइंटची जमिनीपासूनची उंची घ्या. त्यांतला फरक दोन्ही बाजूंना मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. बोल्ट फिरवताना पुढचा भाग जॅकवर घ्या, नाहीतर आटे खरवडतात. शेवटचा फेरा आवळण्याच्या दिशेने असू द्या. अलाइनमेंट त्यानंतरच, उंची बदलली की कॅम्बर, कास्टर, टो हे चाकांचे तिन्ही कोन बदलतात.

प्रश्न : दोन्ही बार दिसायला सारखेच आहेत. डावा-उजवा बदलला तर खरेच बिघडते?

उत्तर : बिघडते. कारखान्यात बार एकाच दिशेने लवचीकतेच्या मर्यादेपलीकडे पिळून सोडतात. त्यामुळे पृष्ठभागात उलट दिशेचा ताण कायमचा राहतो आणि भार आल्यावर तो कामी येतो. बार उलट बाजूला लावला की हाच ताण भारात मिसळतो. मग बार बसतो किंवा तडकतो. टोकाच्या सपाट भागावरची माती खरवडा. तिथे एल किंवा आर, बाण नाहीतर पार्ट नंबर कोरलेला सापडतो. काहीच सापडले नाही, तर अंदाजाने लावू नका, जोडी नवी घ्या.

प्रश्न : बोल्ट आणखी पिळला तर सस्पेन्शन कडक होईल ना? वजन जास्त न्यायचे आहे.

उत्तर : नाही, फक्त उंची वाढेल. बारचा कडकपणा व्यास आणि लांबीवर ठरतो, आणि व्यासाचा परिणाम चौथ्या घाताने: २६ मिमीऐवजी २८ मिमीचा बार जवळपास ३४ टक्के कडक. बोल्ट पिळल्यावर गाडी कडक वाटते, कारण आर्म त्याचे उतरणे थांबवणाऱ्या खालच्या रबराजवळ येतो आणि खड्ड्यात चाक उतरायला जागाच उरत नाही. चारचाकी ड्राइव्ह असेल तर अ‍ॅक्सलच्या जॉइंटचा कोनही वाढतो. तरीही मंजूर भार तेवढाच राहतो, जाड बार घातला तरी.

प्रश्न : बार बाहेर काढताना पाइप पाना लावला, दातांच्या खुणा उठल्या. चालेल?

उत्तर : फक्त रंग गेला असेल तर साफ करून पुन्हा रंगवा. नख अडकत असेल तर बार बाद. पिळाचा सर्वांत जास्त ताण पृष्ठभागावरच असतो आणि तडा अशाच खुणेपासून सुरू होतो. वेल्डिंग भरणे किंवा तापवून सरळ करणे हे उपाय इथे नाहीत.