कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या हॅलोजन हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवावा का?

साताऱ्याहून रात्री कासकडे जाताना उजेड अपुरा पडतो, म्हणून आपण एलईडीचा विचार करत आहात. परंतु आधी जुन्या बल्बच्या बुडाशी छापलेला प्रकार पाहावा. एच४ असल्यास एकाच बल्बमध्ये हाय आणि लो बीमच्या दोन फिलामेंट (अनुक्रमे ६०/५५ वॅट) असतात, तर एच७ मध्ये ५५ वॅटची एकच असते, त्यामुळे हे बल्ब एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये (बल्बमागच्या चकचकीत वाटीत) एलईडी घातल्यास प्रकाश बहुधा विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि धुक्यात आपल्यालाही रस्ता दिसेनासा होतो. १००/९० वॅटचा बल्ब मूळ वायरिंगवर तर मुळीच लावू नये, होल्डर वितळतो. माझ्या मते त्याच वॅटचे चांगले हॅलोजन जोडीने बदलावेत, मात्र बल्बच्या काचेला बोट लावू नये. हेडलाइटची काच पिवळी पडली असल्यास प्रथम ती पॉलिश करून घ्यावी.