ऑक्टोजेनेरियन म्हणजे नेमकं किती वर्षांचं माणूस?

तुम्ही विचारलंय की ऐंशीच्या घरातल्या माणसाला इंग्रजीत ऑक्टोजेनेरियन म्हणतात, तसे बाकीच्या दशकांनाही शब्द आहेत का, आणि आजोबांच्या कार्यक्रमाच्या कार्डावर त्यातला कुठला घालावा. सांगलीत गणपती पेठेजवळ आमचं छपाईचं दुकान आहे. बावीस वर्षं मी पत्रिकांचं मॅटर लावतोय, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून चार-सहा वेळा माझ्या टेबलावर येतोच.

शब्द आहेत. चाळिशीतला क्वाड्राजेनेरियन, पन्नाशीतला क्विन्क्वाजेनेरियन, साठीतला सेक्साजेनेरियन, सत्तरीतला सेप्च्युआजेनेरियन, मग तुमचा ऑक्टोजेनेरियन, नव्वदीतला नोनाजेनेरियन. शंभर भरले की सेंटेनेरियन आणि ११० भरले तर सुपरसेंटेनेरियन. विशी-तिशीसाठी व्हिसेनेरियन, ट्रायसेनेरियन हेही कोशात सापडतात, पण ते कुणी वापरत नाही. कारण मला सरळ वाटतं. पंचवीस वर्षांचा असणं ही काही बातमी नाही. पंच्याऐंशीच्या आजी पायी चालत मतदानाला आल्या की ती बातमी होते.

पाठ करायची गरज नाही. लॅटिन आकडे संस्कृतचे भाऊबंदच आहेत: सप्तला सेप्टेम, अष्टला ऑक्टो, शतला केंटुम. जुनं रोमन वर्ष मार्चात सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा आणि ऑक्टोबर आठवा. चाळीससाठी क्वारंटाइन आठवा: व्हेनिसकडच्या बंदरांत साथीच्या भीतीनं जहाजं चाळीस दिवस अडवून ठेवायचे, त्यावरून तो शब्द आला. आणि शेवटच्या ‘जेनेरियन’चा जनरेशनशी, म्हणजे पिढीशी, काही संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘सत्तर-सत्तर’ अशा अर्थाचा सेप्च्युआजेनी हा शब्द आहे, त्याला पुढे प्रत्यय लागलाय एवढंच.

खरी चूक होते ती मोजण्यात. एकदा एका घरातून आजोबांच्या कार्यक्रमाचं मॅटर आलं. वर मराठी, खाली नातवानं बंगळूरहून पाठवलेलं इंग्रजी. मराठीत बरोबर होतं, ‘८१व्या वर्षात पदार्पण’. इंग्रजीत मात्र आयुष्याच्या ‘आठव्या दशकात’ पदार्पण असं लिहिलेलं. ऐंशी म्हणजे आठवं, असा हिशेब. मीही प्रूफ तसंच सोडलं. तीनशे कार्डं छापून झाली, आणि पहिलंच कार्ड हातात घेऊन आजोबा म्हणाले, “अरे, मी परत सत्तरीत गेलो की!” त्यांचं बरोबर होतं. पहिलं दशक शून्य ते नऊ वर्षांचं, म्हणून आठवं सत्तर ते एकोणऐंशी. ऐंशी भरले की नववं लागतं. तीनशेच्या तीनशे कार्डं पुन्हा काढली. तेव्हापासून मी आधी जन्मतारीख मागतो, मग मॅटर घेतो.

तर नियम एवढाच: भरलेली वर्षं धरा, चालू वर्ष नाही. आपल्याच भागातली उदाहरणं घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९), यशवंतराव चव्हाण (१९१३–१९८४), वसंतदादा पाटील (१९१७–१९८९). वर्षांची नुसती वजाबाकी केली तर ७२, ७१, ७२ येतात. तारखा बघितल्या तर तिघेही ७१ पूर्ण करून गेले. तिघेही सेप्च्युआजेनेरियन, आणि तिघेही आठव्या दशकात. महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले, ते सेंटेनेरियन.

साठीच्या शब्दाबद्दल वेगळं सांगतो. एका काकूंनी यजमानांच्या साठीच्या कार्डाचं प्रूफ बघितलं आणि लाल पेनानं तो शब्द इतका दाबून खोडला की कागद फाटला. सुरुवातीची अक्षरं बघूनच त्या संकोचल्या होत्या. अर्थ समजावून सांगता आला असता, पण कार्ड दोनशे घरांत जाणार, प्रत्येक घरी कोण समजावणार? तिथं आम्ही षष्ट्यब्दीपूर्ती घातलं आणि कार्ड शोभून दिसलं. साठीला टोचून बोलायची खोड मात्र सगळीकडची. आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’, आणि रोमन लोकांत म्हण होती, साठीच्या माणसाला पुलावरून खाली ढकला.

आता तुमच्या कार्डाचं. ऑक्टोजेनेरियन हा बातमीचा, मृत्युलेखाचा शब्द आहे. माणूस कुठल्या खणात बसतो ते तो सांगतो. ज्यांना ओवाळायचंय त्यांच्या नावापुढे मी तो घालणार नाही. तुम्ही लिहिलंय की आजोबांना ऐंशी पूर्ण होऊन काही महिने झालेत. मग आपला शब्द तयार आहे, सहस्रचंद्रदर्शन. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण २९.५३ दिवस, हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षं आणि सुमारे १० महिने. कार्यक्रम नेमका कधी करायचा याच्या रीती घरोघरी वेगळ्या, ते तुमच्या गुरुजींना विचारा. वर मोठ्या अक्षरांत सहस्रचंद्रदर्शन सोहळा, आणि परगावच्या नातवंडांसाठी खाली इंग्रजीत एकच साधी ओळ: आमच्या आजोबांनी हजार पौर्णिमा पाहिल्या. मागच्या दिवाळीत असंच एक कार्ड केलं, गडद निळ्या कागदावर चंदेरी शाईत. ते आजोबा स्वतः दुकानात येऊन वीस कार्डं जास्तीची घेऊन गेले.