पहिली नोकरी लागलीय, ऑफिसच्या बुटांवर किती खर्च करावा? जुनेच शिवून घातले तर लोक हसतात

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो, नुसतं बजेट विचारलं असतं तर पुढे गेलो असतो. हसू द्यात. शिवलेला बूट घालण्यात लाजण्यासारखं काहीच नाही, उलट जो बूट शिवताच येत नाही तो विकत घेणं ही खरी उधळपट्टी आणि हे मी घरात कित्येक वर्षं सांगतोय.

मी कल्याणहून परळला जातो. लोकल, पूल, जिने आणि कामावर जवळजवळ पूर्ण दिवस उभं. बूट खरेदी हा प्रकार मला मनापासून नकोसा वाटतो त्यामुळे आधीचा काळा लेदरचा जोड मी जमेल तितका चालवला. स्टेशनबाहेर पत्र्याच्या स्टॉलमध्ये एक गटईवाले काका बसतात, त्यांनी त्याला हाफसोल मारला, टाचा बदलल्या, कडेची शिलाई उसवली तेव्हा मेणाच्या दोऱ्यानं परत शिवून दिली. मागच्या पावसाळ्यानंतर काकांनीच बूट हातात घेऊन वाकवून दाखवला, बोटं जिथे वाकतात तिथे वरचं कातडं आडवं चिरलं होतं. म्हणाले, "साहेब, तळ अजून दहा वेळा मारून देतो, पण वरचं कातडं मेलंय, टाका घातला तर टाक्यापाशीच फाटंल." पैसे मिळत होते तरी माणूस नको म्हणाला. असा माणूस सांगतो तेव्हा ऐकायचं, म्हणून नवीन घ्यायला निघालो.

सोबत मेव्हणा आला. हा दर दिवाळीला आणि मधे कुठल्या तरी सेलमध्ये हजार-बाराशेचे बूट उचलतो, सोल निघाला की कचऱ्यात टाकतो आणि मला म्हणतो, "दाजी, तुम्ही पैसे वर घेऊन जाणार का?" तो मला एका मॉलमध्ये घेऊन गेला. तिथे दोन जोडांवर एक फुकट होता. मला एकच जोड हवा होता, मग बाकीच्या दोन जोडांचं मी काय करू हे मला कुणी सांगेना. एक बूट घालून बघितला तर पंजाला आवळत होता, सेल्समन म्हणतो वापरून सैल होतील सर. मी विचारलं सोल शिवलेला आहे की चिकटवलेला, तर म्हणाला ब्रँडेड आहे सर. हे उत्तर नव्हे! बूट उलटा केला तर खाली एक टाका नाही, कडेनं जी सुंदर शिलाई दिसत होती ती रबरातच उठवलेली, नुसती दाखवायला. आत "जेन्युइन लेदर" छापलेलं होतं, पण ते कातड्याच्या खालच्या थरावर प्लास्टिकचा लेप मारलेल्या मालावरही छापतात, आणि तो लेप काही काळानं पापुद्र्यासारखा निघतो. मी बाहेर पडलो. मेव्हणा चिडला, सगळा रविवार घालवलात म्हणाला.

आता त्याचाच किस्सा सांगतो कारण तो या प्रश्नाला लागू आहे. त्यानं असाच "फुकट" मिळालेला जोड डब्यात घालून माळ्यावर ठेवला होता, लग्नकार्यात कामाला येईल म्हणून. दोन-तीन वर्षांनी पुतणीच्या हळदीला काढून घातला आणि हॉलच्या पायऱ्या चढेपर्यंत दोन्ही तळांचा भुगा, अक्षरशः काळा चुरा मागे सांडत होता. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा सोल होता तो. पीयू हवेतली ओल शोषून आतून तुटत जातो, घातला नाही तरी तुटतो, आणि आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर लवकरच. म्हणजे स्टॉक करून ठेवण्यात बचत आहे हे गणितच खोटं. हे मी त्याला समजावलं तर म्हणतो एखादाच पीस खराब निघतो दाजी. एखादाच नाही, त्या मालाचा गुणधर्मच तो आहे.

मी शेवटी कुर्ला-चेंबूरच्या मधे ठक्कर बाप्पा कॉलनी आहे तिथे गेलो, बूट-चपला बनवणाऱ्यांची जुनी वस्ती. एका छोट्या वर्कशॉपमध्ये पाय कागदावर ठेवून माप घेतलं, पंजा रुंद घ्या म्हणालो, तळ रबराचा आणि शिवलेला. बावीसशे रुपये झाले. हो, मला ते द्यायला जड गेले, पण सहा महिन्यांनी फेकायचे हजार रुपये मला जास्त जड जातात. बूट चावला नाही, काकांनीही बघून मान डोलावली.

आता तुमचा खर्चाचा प्रश्न. दीड ते अडीच हजारात बसवा. अडीच हजारांची रेघ लक्षात ठेवा, 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी 5 टक्के आहे आणि त्याच्या वर एकदम 18, त्यामुळे रेघेच्या जरासं वरचा बूट घेण्यात काही अर्थ नाही. घेताना उलटा करून टाके बघा (काही बुटांत ते तळाच्या खाचेत झाकलेले असतात, तेव्हा दुकानदाराला स्पष्ट विचारा), तळ रबर किंवा टीपीआर (रबरासारखं प्लास्टिक) बघा. नंबरावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडे चालतात ते नंबर युकेचे, आणि चेन्नईच्या सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूटनं देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले त्यात आपले पाय तिकडच्यांपेक्षा रुंद निघाले, म्हणूनच लांबीला बरोबर असलेला बूट पंजाला आवळतो आणि आपण एक नंबर मोठा घेऊन टाच लटकवत फिरतो. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, आणि मोजे स्वतःचे घेऊन जा. जमलं तर हळूहळू दुसरा जोड करा आणि आलटून पालटून घाला, घामानं ओला झालेला बूट एक दिवस वाळला की बराच जास्त टिकतो. हे मेव्हण्यासारखं तीन जोड कोंबून ठेवणं नव्हे, दोन्ही वापरात हवेत.

एक राहिलं. हे सगळं लेदरच्या ऑफिस बुटांबद्दल. पळायला जात असाल तर स्पोर्ट्स शूजना हा नियम लावू नका, त्यांचा आतला फोम दबला की वरून नवे दिसले तरी ते संपलेले असतात, तिथे काटकसर गुडघ्यावर येते. डायबिटीस असेल तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा. आणि तुमचं ऑफिस बाहेरगावी असेल, जवळ मापाचे बूट करून देणारा कोणी नसेल, तर ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, फक्त आल्यावर संध्याकाळी घरातल्या फरशीवर घालून अर्धा तास फिरा, रस्त्यावर घालून गेलात आणि तळाला माती लागली की परत घेत नाहीत.