तालुक्याच्या गावी फुकट साप्ताहिक काढलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहत होता तेव्हा दर आठवड्याला फक्त तुमच्या भागापुरतं एक साप्ताहिक फुकट दारात पडायचं. आता यवतमाळ जिल्ह्यात गावी परतलात आणि तालुक्यासाठी तसंच काढायचं मनात आहे. मी याच जिल्ह्यात एका साप्ताहिकाचं काम बघतो. बातम्या, जाहिराती, वसुली, गठ्ठे बांधणं, सगळंच. माझ्या मते साप्ताहिक चालेल, पण सरसकट फुकट चालणार नाही.

शहरात ते का चालतं ते आधी बघा. चेन्नईत 1994 पासून निघणारं माइलापूर टाइम्स घ्या. एकाच भागात फुकट वाटायचं आणि खर्च जाहिरातीतून काढायचा. तिथल्या दातांच्या डॉक्टरला, शिकवणीवाल्याला, ब्लाउज शिवणाऱ्या बाईंना गिऱ्हाईक हवं असतं ते चार गल्ल्यांतलंच, आणि नेमकं तेच त्यांना ओळखत नसतं. मोठ्या दैनिकाची जाहिरात परवडत नाही, शिवाय दहा किलोमीटरवरच्या वाचकाचा त्यांना उपयोग काय? मग छोट्या पेपरला छोट्या जाहिराती पुष्कळ मिळतात आणि वाटणारा पोरगा एका चकरीत चार इमारती उरकतो.

आपल्याकडे गणित उलटं आहे. कृषी केंद्रवाल्याला कोण कोणतं बियाणं नेतो आणि कोणाकडे किती उधारी थकली आहे, हे तोंडपाठ असतं. त्याला जाहिरातीतून ओळख करून द्यायची नसते. तो जाहिरात देतो ती संबंध राखायला, तीही दिवाळीला आणि 26 जानेवारीला. असे देणारे तालुक्यात मोजके, आणि वाचक मात्र शंभरेक खेड्यांत विखुरलेला. घरोघर फुकट वाटायला निघालात तर पेट्रोलमध्येच बुडाल.

वरून लोकांचा संशय. इथे फुकट छापील कागद हातात पडतो तो निवडणुकीत. पानठेल्यावर कोणीतरी पहिलं पान उलटून फोटो कोणाचा ते बघतो आणि म्हणतो, “फुकट हाय म्हणजे इलेक्शनचं असन राजेहो.” पाच रुपये किंमत छापली की हाच माणूस तो पेपर वाचतो, भले शेजाऱ्याचा मागून का होईना.

मग पैसे कोण देतं? बातमीसाठी कोणीच नाही. अपघात झाला, बिबट्या दिसला, सरपंचावर अविश्वास आला, सगळं व्हॉट्सॲपवर आदल्या रात्रीच फिरून झालेलं असतं. लोकांना हवं असतं कात्रण. पांदण रस्त्यावर गुडघाभर चिखल आहे ही बातमी गावातल्या प्रत्येकाला माहीत असते, पण तिचं कात्रण अर्जाला जोडून तहसीलदाराच्या टेबलावर ठेवलं की अर्जाला वजन येतं. पोरगी स्कॉलरशिपमध्ये आली की बाप दहा अंक मागतो, एक लॅमिनेट करून भिंतीवर लावतो. मोबाइलवरची पोस्ट आठवडाभरात कुठे खाली जाते ते तिलाच ठाऊक.

कागदाच्या याच पुरावेपणावर आमचं घर चालतं, ते जाहीर नोटिशींतून. शेताचा सौदा ठरला, इसार म्हणजे आगाऊ रक्कम दिली की वकील नोटीस पाठवतो: मौजा अमुक, गट नं. तमुक, आराजी 1 हेक्टर 21 आर, सदर शेत माझे पक्षकार विकत घेत असून कोणाचा हक्क, बोजा वा हितसंबंध असल्यास 15 दिवसांचे आत कागदपत्रांसह कळवावे, नंतर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही. एवढासा चौकोन, पण पैसे रोख आणि आगाऊ. गट नंबर एका आकड्याने चुकला तर नोटीस फुकट जाते, म्हणून आम्ही अग्रलेख एकदा वाचतो आणि नोटीस तीनदा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पान दिसायला मोठं दिसतं, पण त्याची वसुली करता करता चप्पल झिजते. नेता निवडणूक हरला तर ती उधारी विसरा.

टपालाचंही बघा. नोंदणीकृत वृत्तपत्राला 50 ग्रॅमपर्यंतच्या अंकाला 25 पैसे अशी सवलत असायची, पण त्यासाठी खऱ्या वर्गणीदारांची यादी लागायची. फुकट पेपरला ती आणणार कुठून? टपालाचा कायदा आता नवा आला आहे, तेव्हा आजचे नियम हेड पोस्टात विचारून घ्या.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर मधला रस्ता धरला असता. खेड्यांसाठी वार्षिक वर्गणी, आणि तालुक्याच्या गावात फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी थोडे अंक फुकट. त्या दिवशी सगळा तालुका आपल्या पायांनी तुमच्याकडे येतो. कृषी केंद्राचं काउंटर, कटिंगचं दुकान, दवाखान्याचा बाक, एसटी स्टँडवरची टपरी, एवढ्याच जागा. आलूबोंड्याच्या गाडीवर मात्र गठ्ठा ठेवू नका, तिथे तो दुपारपर्यंत वाचला जाण्याऐवजी तेल टिपायला गेलेला असतो. आत काय द्यायचं? बाजार समितीचे कापूस-तुरीचे भाव, तालुक्यात कोण वारलं, तेरवी कधी, लोडशेडिंगचं वेळापत्रक, तहसीलची शिबिरं. मुंबईचं राजकारण नको.

गाव लहान म्हणून बिचकू नका. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून दीनमित्र हे साप्ताहिक सुरू केलं आणि ते दशकानुदशकं चालवलं. आपल्या यवतमाळातून बापूजी अण्यांनी 1918 साली काढलेलं लोकमतसुद्धा साप्ताहिकच होतं, दैनिक झालं ते 1971 साली, नागपुरात.

नोंदणी मात्र आधी. पेपर फुकट असला तरी त्यातून सुटका नाही. वृत्तपत्र नोंदणीचा 1867 चा कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून 2023 चा नवा कायदा लागू झाला. नाव आणि नोंदणी दोन्हीसाठी सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन एकच अर्ज करायचा असतो. विनानोंदणी छापलं तर 5 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि नोंदणी क्रमांक नसलेल्या पेपरात कोणता वकील नोटीस देईल?

अर्ज उन्हाळ्यात टाका, पहिला अंक दसऱ्याला काढा. जूनमध्ये शेतकऱ्याचा पैसा जमिनीत असतो आणि दुकानदाराचा उधारीत, त्यामुळे जाहिरात मागायला गेलात तर चहा पाजून परत पाठवतील. दसऱ्यापर्यंत सोयाबीन घरात येऊ लागतं, आणि लगेच दिवाळीच्या जाहिराती असतात. नागपूर किंवा अमरावतीच्या प्रेसला दर विचाराल तेव्हा गठ्ठे तुमच्या स्टँडपर्यंत एसटी पार्सलने कोण टाकणार, तेही त्याच वेळी ठरवून घ्या.